डेकमधलं घर

१

आमच्या घरात फोन गाडीला जोडायचं काम माझ्याकडे आहे, कारण त्या कामात बोलावं लागत नाही.

गाडी अकरा वर्षं जुनी, राखाडी, आणि आमच्या घरातली पहिलीच. ती घेताना बाबांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि एका टायरला हलकेच लाथ मारून पाहिली. का मारली ते त्यांना विचारलं तर सांगता आलं नसतं. गाडी घेताना तसं करतात, एवढंच त्यांना माहीत होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावर सगळ्यांचे विनोद करून झालेत, म्हणून मी करत नाही.

आई पाणीपुरवठ्याच्या तक्रार-केंद्रात फोन घेते. दिवसाला दीडशे माणसं तिच्या कानात ओरडतात. ती म्हणते, माणूस बोलायच्या आधी जो श्वास घेतो ना, त्यावरूनच कळतं पाणी आलेलं नाही की गढूळ आलंय. घरी आल्यावरही ती बोलतच असते. बाबा बोलतात, आई बोलते, आणि मध्ये मी.

मला वर्गात ‘म्यूट’ म्हणतात. मागच्या तोंडी परीक्षेत मी चार मिनिटं नुसती उभी राहिले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला पाणी दिलं, मी ते प्यायले, वेळ संपली. या वेळी फेरपरीक्षेतही बोलले नाही तर वर्ष पुन्हा करावं लागेल, असं शाळेने आईबाबांना बोलावून सांगितलं. तेव्हापासून घरात माझ्या पाठीमागे एक वाक्य फिरत असतं: “काय करायचं गं हिचं?”

तर, गाडीतला गाण्यांचा डेक. आधीच्या मालकाने बसवलेला, हातभर तारांचा गुंता मागे असलेला, पण पडदा स्वच्छ. फोन जोडला गेला की तो ‘टुंग’ करतो आणि फोनचं नाव दाखवतो. मी आधी त्याच्यातली जुनी यादी पुसून कोरी केली. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे बाबांनी मला ते तीनदा विचारलं. मग आमचे तिघांचे फोन जोडले. बाबांच्या फोनला नाव दिलं ‘लिफ्ट’, आईच्या ‘आई’, आणि माझ्या ‘म्यूट’. दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव आपणच लिहून टाकलं की ते कमी टोचतं.

पुढच्या शनिवारी बघते तर यादीत चार नावं. चौथं होतं ‘घर’.

२

शनिवारी सकाळी आम्ही तिघं आठवड्याचं सामान आणायला जातो. बाजार चार किलोमीटरवर. बाबा गाडी चालवतात, आई शेजारी बसून त्यांच्यापेक्षा जास्त गाडी चालवते, आणि मी मागे.

“लाव गं काहीतरी जुनं,” बाबा म्हणाले.

मी फोनवर गाणं लावलं. ‘टुंग’ झालं, पण पडद्यावर ‘म्यूट’ ऐवजी ‘घर’ आलं. गाणं आलं नाही. काहीच आलं नाही.

पण काहीच न येण्याचेही प्रकार असतात. डेक बंद असतो तेव्हाची शांतता सपाट असते. ही तशी नव्हती. हिला लांबी-रुंदी होती. खोलीत कोणी नसताना दारातून डोकावलं तर जशी शांतता दिसते, तशी. लांबवर पंख्याची घरघर. आणि मग, टिक, टिक, टिक, टिक, आणि एक गिळलेला.

आमच्या हॉलमधलं घड्याळ दर पाचवा ठोका गिळतं. बाबांनी शहरातल्या निम्म्या लिफ्ट दुरुस्त केल्या असतील, पण ते घड्याळ त्यांना कधी जमलं नाही.

“घड्याळ,” मी म्हणाले.

आई सीटवरून पूर्ण वळली. मी आपणहून बोलले याचंच तिला जास्त नवल वाटलं. “काय गं?”

“आपलं.”

बाबांनी आवाज वाढवला. टिक, टिक, टिक, टिक, गिळलेला. मग कर्रर्र असा आवाज आला, दात आंबवणारा.

“कोणीतरी खुर्ची ओढली,” बाबा म्हणाले.

“कोणीतरी खुर्ची नाही,” आई म्हणाली. “आपली खुर्ची. रबर गेलेली. कधीची सांगतेय तुम्हाला, बसवा म्हणून.”

मग दोघंही एकदम गप्प झाली. आमच्या गाडीत असं पहिल्यांदाच घडत होतं. बाबांनी पुढच्या वळणावरून गाडी परत घराकडे वळवली. इमारतीच्या पायऱ्या ते हातात पाना घेऊन चढले. बाहेरचं कुलूप जसंच्या तसं. आत कोणी नाही. कपाट बंद, खिडक्या बंद. फक्त ती खुर्ची टेबलापासून हातभर लांब, बसलेलं माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी.

“मीच ठेवली असेन तशी,” आई म्हणाली.

आई खुर्च्या तशा ठेवत नाही.

३

“लिफ्ट कधी भुताने अडकत नाही,” बाबा म्हणाले. “धुळीने अडकते.” आणि त्यांनी रंगाच्या ब्रशने डेक साफ केला.

पुढच्या शनिवारी: टुंग. घर.

मग आम्ही डेकवाल्याकडे गेलो. तो दुकानातून न उठता फक्त हात लांब करून गाडीत घालू शकतो, इतकं त्याचं स्टूल फुटपाथच्या कडेला असतं. त्याने यादी बघितली. “एखादा फोन घरी विसरता का?”

“नाही,” बाबा म्हणाले.

“मग शेजाऱ्याचा असेल.”

“अहो, ब्लूटूथ दहा पावलं जातं. आमचं घर चार किलोमीटरवर आहे.”

“हल्लीचे फोन फार पुढे गेलेत हो,” असं म्हणून त्याने ‘घर’ पुसून टाकलं. आम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत ते परत आलं होतं.

मी विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर नोंदी ठेवायला लागले. भूत म्हणून नाही. मला खरंच वाटत होतं की काहीतरी साधं कारण सापडेल आणि ते मला तोंडाने न सांगता लिहून दाखवता येईल. बाबा एकटे गाडी घेऊन गेले तेव्हा ‘घर’ आलं नाही. मी शाळेत असताना आई आणि बाबा गेले, घर रिकामं होतं, तरीही नाही आलं. मी गाडीत आणि घरात कोणी नाही, असं असेल तेव्हाच ते यायचं. दर वेळी.

“बघ, म्हणजे तुझ्याच फोनमधून येतंय,” बाबा खूश होऊन म्हणाले. “तूच घरचे आवाज भरून ठेवले असशील आणि चुकून लागत असेल.”

मी मान हलवली. मी ‘नाही’ अशी हलवली होती, पण ती हळू हलवली की लोक सोयीचं ते धरतात.

आईने तर त्याचा वापरच सुरू केला. एकदा डेकमधून पाणी वाहण्याचा आवाज आला. “अगं बाई, न्हाणीघरातला नळ राहिला,” ती म्हणाली. लगेच आमच्या जुन्या स्लीपरचा फट्‌-फट्‌ आवाज आला, नळाच्या चावीचा आवाज आला आणि पाणी थांबलं.

“झालं बंद,” आई सुटकेने म्हणाली.

दोन चौक गेल्यावर तिचा चेहरा बदलला. पण तोवर बाबांना गाडी लावायला जागा दिसली होती, आणि जागा दिसली की आमच्या घरात बाकी सगळे विषय थांबतात.

४

आमच्या वर, चौथ्या मजल्यावर, एक काकू एकट्या राहतात. त्यांना बोलायला माणूस लागतं. लोक जिन्यात उतरायच्या आधी त्यांच्या दाराचा कानोसा घेतात. मी सापडले की त्या पाच मिनिटं बोलतात आणि मग उसासा टाकतात: “तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं गं.” त्यांच्याकडे बटणांचा एक फोन आहे, रबरबँड लावून मागचं झाकण धरून ठेवलेला. हे पुढे लागेल.

पाचव्या शनिवारी आम्ही सिग्नलला उभे होतो. डेकमध्ये घड्याळ चाललं होतं. एवढ्यात आमची बेल वाजली. आमची बेल ‘टिंग-टाँग’ आहे, पण नुसती ‘टिंग’ वाजते. खुर्ची, कर्रर्र. स्लीपर, फट्‌-फट्‌. कडी. दार.

“या ना काकू, या. कधीची म्हणतेय काकू आल्या नाहीत.”

आवाज माझा होता.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो असं म्हणतात. मला तो परका वाटला नाही, तेच वाईट होतं. माझा हेल, माझा घसा, माझा तो किंचित बसका ‘ह’. फक्त त्याच्यात कुठे अडखळ नव्हती. उतारावरून सायकल सोडावी तसा तो चालला होता. डेकमधल्या तिने काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली. काकूंनी सगळी दुखणी सांगितली. कोणीतरी विचारायची वाट पाहत असल्यासारखी, डाव्या गुडघ्यापासून सुरुवात करून. मग तिने काकूंना आमच्या मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवली, आणि काकू हसून हसून खोकायला लागल्या.

आई आणि बाबा, दोघंही मागे वळून माझ्याकडे बघत होते. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

“अगं,” आई हळूच म्हणाली, “हे तू केव्हा रेकॉर्ड केलंस?”

मी तोंड उघडलं.

“तोंडी परीक्षेसाठी तयारी करतेयस ना? आणि आम्हाला सांगायला लाजतेस.” तिचे डोळे भरून आले होते. “केवढं छान बोलतेस गं.”

“आणि काकूंचा आवाज!” बाबा म्हणाले. “काय हुबेहूब काढलाय. तो खोकला तर थेट त्यांचाच.”

“तो…” मी म्हणाले.

“राहू दे, राहू दे. आम्ही काही विचारत नाही. तुझं तुझं चालू दे.”

मागच्या भोंग्यांमध्ये बाबांनी गाडी काढली. मी उरलेलं वाक्य गिळलं, घड्याळाच्या पाचव्या ठोक्यासारखं.

घरी आलो तेव्हा ओट्यावर एक वाटी धुऊन पालथी घातलेली होती. निळ्या काठाची. आमच्याकडे निळ्या काठाची वाटी नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात काकूंनी माझा गाल धरला. “काल किती बरं वाटलं गं. फळं आवडली ना? वाटी सावकाश दे.”

मी वाटी त्यांच्या दाराबाहेर ठेवली, बेल वाजवली आणि पळून आले.

५

आता मला खरं काय ते लिहायला हवं. मला तिची भीती वाटत नव्हती. म्हणजे वाटत होती, न्हाणीघरात जाताना मी दार उघडंच ठेवायला लागले होते. पण ती खरी भीती नव्हती. खरी भीती ही होती की आईबाबांना ती आवडायला लागली होती.

बाबा बाजाराला लांबच्या रस्त्याने जायला लागले. “या बाजूला रहदारी कमी असते,” ते म्हणायचे, आणि रहदारीत अडकून आनंदाने ऐकत बसायचे. ती घरात एकटी असली तरी बोलायची. झाडांना पाणी घालताना झाडांशी, भांडी पुसताना भांड्यांशी. आई पुढच्या सीटवर खुदुखुदु हसायची. एकदा तर डेकमधल्या तिने काहीतरी विचारलं आणि आईने चक्क उत्तर दिलं. मग आईने ओशाळून आरशात माझ्याकडे बघितलं. मी मागे बसलेले आहे हे तिला आठवावं लागलं, असं मला वाटलं.

“काय करायचं गं हिचं” हे वाक्य घरातून गेलं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. मला कोणी काही विचारेना. उत्तर त्यांना शनिवारी मिळत होतं.

फेरपरीक्षा सोमवारी होती. आधीच्या शनिवारी मी ठरवलं की घरीच राहायचं. मी घरात असले की ती येत नाही, हे वहीत तारखांसकट लिहिलेलं होतं.

“अभ्यास,” मी आईला म्हणाले.

“हो का?” आईचा चेहरा जरासा पडला. “म्हणजे आज गाडीत… बरं. कर अभ्यास.”

ते गेले. मी आतून कडी लावली आणि रबर गेलेल्या खुर्चीवर बसले. ती आधीच टेबलापासून लांब होती. बसायला बरोबर अंतरावर.

६

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. मी मनातल्या मनात परीक्षेचं भाषण म्हटलं. मनात मला सगळं येतं. घड्याळ चाललं होतं. पंखा चालला होता. मला पहिल्यांदाच कळलं की मी इतके आठवडे डेकमधून ऐकत होते ती शांतता आतून अशी असते.

मग टेबलावरच्या माझ्या फोनने ‘टुंग’ केलं.

तसा आवाज माझा फोन करत नाही. तो डेकचा आवाज आहे. पडद्यावर आलं होतं: ‘गाडी’. जोडली गेली आहे.

ब्लूटूथ दहा पावलं जातं. मी खिडकीतून पाहिलं. खाली गाडीची जागा रिकामी होती, तेलाचा डाग तेवढा होता.

फोनमधून इंडिकेटरचा आवाज आला, टकटक, टकटक. मग बाबांचं रोजचं: “हा बघ, हा बघ, हा कसा घुसतो.” मग आई: “तुम्ही पण तसेच घुसता.” मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. चुकून आईचा फोन लागला असेल. साधं कारण.

“पण काय गं,” आई म्हणाली, “मगाशी तर नाही म्हणालीस. खाली उतरून बघतो तर तू आमच्या आधी गाडीत.”

“म्हटलं, घरी एकटी बसून काय करू?” माझा आवाज म्हणाला. मागच्या सीटवरून. “तिथे बोलायला कोण आहे?”

बाबा मोठ्याने हसले.

मी फोन हातात घेतला. मला फक्त तीन शब्द म्हणायचे होते: मी घरी आहे. मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. फोनमधून तिने आईला डेकवाल्याची नक्कल करून दाखवायला सुरुवात केली, तो स्टुलावरून न उठता हात लांब करतो ती. चांगली होती. मला ती कधीची सुचलेली होती, केली नव्हती इतकंच.

नक्कल झाल्यावर ती जरा थांबली. मग अगदी जवळून, फोन तोंडाशी धरल्यासारखी, म्हणाली, “अभ्यास झाला का?”

“कोणाशी बोलतेस गं?” बाबांनी विचारलं.

“कोणाशी नाही,” ती म्हणाली, आणि माझा फोन बंद झाला.

७

अकराच्या सुमाराला खाली गाडीची दारं वाजली. एक. दोन. मी मोजत होते. तीन.

जिन्यात पावलं. बाबांची जड, आईची मधेमधे थांबणारी, आणि तिसरी, प्रत्येक मजल्यावर शेवटची पायरी उडी मारून चढणारी. मी तशीच चढते.

बाबांची किल्ली फिरली. दार हललं आणि कडीवर अडकलं.

“आतून कडी?” बाबा म्हणाले. “आत कोण आहे?”

मी दाराच्या भिंगातून पाहिलं. आधी बाबांचं नाक दिसलं, भोपळ्याएवढं. त्याच्या मागे आईचा खांदा. आईच्या मागे, जिन्याच्या अंधारलेल्या कोपऱ्यात, सामानाच्या पिशवीचा बंद धरलेला एक हात. निळ्या जॅकेटची बाही, कोपराजवळ शाईचा डाग.

माझं निळं जॅकेट दारामागच्या खुंटीला असतं. मी न बघता हात मागे नेला. ते तिथेच होतं. मी बोटांनी कोपर शोधलं. डाग हाताला कळत नाही, पण मला कळला.

“चोर असेल, बाबा,” ती म्हणाली. “दार तोडायला नको, खर्च होईल. काकूंच्या गॅलरीतून उतरता येईल का बघू? नाहीतर मी आवाज देते, मला घाबरत नाही कोणी. ए, कोण आहे आत? नाव सांग. नाव सांगता येत नाही का?”

मी श्वास घेतला. माझं तोंड दारापासून वीतभर अंतरावर होतं. नाव आत होतं, गळ्यात, तयार. बाहेर येईना. मला परीक्षेतला पाण्याचा ग्लास आठवला. मी पुन्हा श्वास घेतला.

“बघा, बोलत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे चोरच. मी सांगते बाबा, आपण असं करू…”

“थांब,” आई म्हणाली. “तू जरा गप्प बस.”

आयुष्यात पहिल्यांदा आईने ‘गप्प बस’ म्हटलं होतं, आणि तेही मला नव्हतं.

भिंगात आईचा कान आला, मोठा होत गेला आणि सगळं काळं झालं. तिने कान दाराला लावला होता. कामावर फोनला लावते तसा. मी तिसऱ्यांदा श्वास घेतला आणि नेहमीसारखाच, मध्येच, अर्ध्यावर, तो अडकला.

मग दाराच्या पलीकडून आईने तिच्या कामावरच्या आवाजात विचारलं, जो ती म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवते: “काही तक्रार आहे का, बाळ? घाई नाही. मी थांबते.”

घड्याळाने एक ठोका गिळला.

“मी,” मी म्हणाले. “घरी. आहे.”

तीन शब्द, तीन वेगवेगळ्या श्वासांत.

“अहो,” आई बाबांना म्हणाली, अगदी सहज, भाजी जास्त घेतली म्हणते तशी, “मागे बघू नका.”

“का?”

“नका बघू. कडी काढ, बाळ.”

मी कडी काढली. आई आत आली, बाबांना दंडाला धरून आत घेतलं, आणि दार लावलं. तिचा हात बर्फासारखा गार होता. तो तिने माझ्या मानेवर ठेवला आणि काढला नाही. बाबांचा चेहरा लिफ्टमध्ये अडकलेल्या गिऱ्हाइकासारखा झाला होता. इतकी वर्षं ते तसे चेहरे बाहेरून बघत आले होते.

बाहेर पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. आम्ही तिघं कान देऊन उभे होतो. ती खाली जातील असं आम्हाला वाटत होतं.

ती वर गेली. शेवटची पायरी उडी मारून. वरच्या मजल्यावर बेल वाजली आणि काकूंचा आवाज आला, आनंदाने फुटलेला: “अगं ये, ये!”

८

सोमवारी तोंडी परीक्षेत मी दीड मिनिट उभी राहिले. परीक्षक बाईंनी पाणी पुढे केलं. मी ते बाजूला ठेवलं आणि बोलले. हळू, तुटक, पण बोलले. पास झाले, काठावर. बाबांनी खुर्चीला रबर बसवलं.

‘घर’ यादीतून गेलं आहे. मी पुसलं नाही, आपोआप गेलं.

संध्याकाळी मी अभ्यासाला बसले की छतातून माझं हसणं ऐकू येतं. आई तेव्हा उठून मिक्सर लावते, काही दळायचं नसलं तरी. काकूंचं वजन वाढलंय आणि त्या जिन्यात कोणाला अडवत नाहीत. इमारतीतले सगळे म्हणतात, काकू किती सुधारल्या. कालच माझ्या शेजारून जाताना त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि विचारलं, “तू कोणाची गं?”

या शनिवारी आम्ही पुन्हा तिघं बाजाराला निघालो. बाबांनी गाणं मागितलं नाही. तरी कोपऱ्यावर डेकने ‘टुंग’ केलं. पडद्यावर आलं: ‘काकू’.

रबरबँड लावलेला तो बटणांचा फोन कुठल्याच गाडीला जोडता येत नाही. मला माहीत आहे. हे काम माझ्याकडे असतं.

डेकमधून कपबशीचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, “खाली आज अगदी सामसूम आहे. कुठे गेलेत?”

“बाजारात,” माझा आवाज म्हणाला. “धाकटीला घेऊन.”

“अगंबाई, तुला धाकटी बहीण आहे? कधी बोलली नाहीस ते.”

“लाजते हो फार. पण तिचंही होईल काहीतरी. मी बोलेन तिच्याशी.”

आईने हात पुढे केला आणि डेक बंद केला. मग तोच हात तिने दोन सीटच्या मधून मागे आणला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

बाजारापर्यंत आणि बाजारातून घरापर्यंत, आईने बाबांना रस्ता दाखवला नाही, बाबांनी कोणाला नावं ठेवली नाहीत. कोणी एक शब्द बोललं नाही. गाडीत मला इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.